ड्रमरची बसायची पेटी: ती आली कुठून?

ठेका_धरून

बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आज मांडतोय. जुन्या अमेरिकन जॅझ आणि नाटकगृहांतल्या वाद्यवृंदांत ड्रमर एका पेटीवर बसून वाजवायचे. ती पेटी म्हणजेच त्यांचं सामान वाहायचं साधन. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचायचं, पेटी उघडून पेडल, स्टँड, झांजा, शिट्ट्या, लाकडी ठोकळे बाहेर काढायचे, झाकण लावायचं आणि त्यावरच बसायचं. पुढे १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतल्या मोठ्या ड्रम कंपन्यांनी याच कल्पनेचं देखणं रूप विकायला आणलं. ड्रमसारखं गोल पोकळ खोड, त्यावर ड्रमसेटच्याच रंगाचं चकचकीत आवरण, वर गादीचं झाकण आणि आत सामान.

हे सुरू का झालं, याबद्दल माझं मत असं: सगळं पेडलमुळे, म्हणजे पायाने दाबून ड्रम वाजवायच्या साधनामुळे झालं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बँडमध्ये बेस ड्रम (मोठा, खर्जाचा), स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) आणि झांजा यांना वेगवेगळी माणसं असत. नाटकगृहात रंगमंचासमोरच्या खड्ड्यात तेवढी जागा नसे आणि मालकाला तेवढे पगार द्यायचे नसत. म्हणून एकच माणूस दोन्ही ड्रम वाजवू लागला. बेस ड्रम उजव्या हाताला जमिनीवर, शेजारी तिरका स्नेअर. एक काठी बेसवर हाणायची आणि लगेच स्नेअरवर यायचं. याला ‘डबल ड्रमिंग’ म्हणत. स्नेअरला धड स्टँड नव्हता तेव्हा तो चक्क खुर्चीवर टेकवत. म्हणजे खुर्ची ड्रमला आणि माणूस उभा, अशीही परिस्थिती असायची.

मग पायाने बेस ड्रम वाजवायची खटपट सुरू झाली. न्यू ऑर्लिन्समध्ये डी डी चँडलर या ड्रमरने १८९० च्या दशकात घरगुती लाकडी पेडल वापरल्याची नोंद आहे. खरा बदल १९०९ मध्ये झाला. शिकागोच्या नाटकगृहात वाजवणाऱ्या विल्यम एफ. लुडविग यांना रॅगटाइम या लोकप्रिय अमेरिकन संगीताच्या वेगाला तेव्हाची पेडलं पुरी पडत नव्हती. त्यांनी स्वतः एक आटोपशीर, जलद पेडल तयार केलं, मेहुणे रॉबर्ट डॅन्ली यांनी पुढे ते धातूत घडवलं आणि भाऊ थिओबाल्ड यांच्याबरोबर कंपनी उभी राहिली.

एक पाय सतत हलता ठेवायचा तर दुसऱ्या पायावर उभं राहून तास-दोन तास निभाव लागत नाही. बसावंच लागतं. आणि बसायचं कशावर? जे बरोबर आणलंय त्यावर.

जाणकारांनी भर घालावी.

---

पायपेटी

फार आवडता विषय काढलात. पेडलचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि त्याला आपल्याकडचा एक भक्कम आधार आहे.

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेंनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य भात्याला पायाने वारा घालून वाजवायचं होतं, म्हणून वादक खुर्चीवर किंवा स्टुलावर बसे. भारतात आलं तेही तसंच, पायांच्या पेडलांसकट. मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी बनवली. भाता मागे आला, एका हाताने हलवायचा, दुसऱ्याने स्वर. पायाचं काम गेलं, त्याबरोबर स्टूलही गेलं आणि वाद्य बैठकीवर आलं. पेडल आलं की आसन येतं, पेडल गेलं की आसन जातं. अमेरिकेत एका दिशेने झालं, आपल्याकडे उलट दिशेने.

जिथे पाय सुटले नाहीत तिथे आसनही सुटलं नाही. संगीत नाटकांत ऑर्गन शेवटपर्यंत पायपेटीच राहिला. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत थिरकवांचा तबला होता आणि ऑर्गनही होता. तबलजी मांडी घालून, ऑर्गनवाला स्टुलावर. एकाच खड्ड्यात दोन उंचीची माणसं बसत, ती याच कारणाने.

---

मृद्गंधा

पायपेटीकाका, छान जोडलंत. पण मला एक शंका आहे. बसायला लागणं समजलं. पेटीच का? नाटकगृहात खुर्च्यांचा काय तुटवडा? प्रेक्षकांसाठी शेकड्याने होत्या.

---

ठेका_धरून

मृद्गंधाताई, प्रश्न रास्त आहे. साध्या खुर्च्याही वापरत, फोटोंत त्या भरपूर दिसतात. पण पेटी तीन कारणांनी पुढे सरकली असावी.

एक म्हणजे उंची. साधी खुर्ची जेवायच्या टेबलाच्या हिशोबाने बनवलेली. पेडल दाबताना बूड गुडघ्याच्या किंचित वर हवं, म्हणजे पायाचं वजन आपसूक खाली पडतं. गुडघा वर आणि बूड खाली गेलं की मांडी पाऊण तासात भरून येते. शिवाय खुर्चीला हात असले तर कोपर अडकतं आणि पाठ असली तर माणूस रेलतो.

दुसरं, पाय रोवून बसलेल्या माणसाखाली हलकी खुर्ची मागे सरकते. भरलेली, निदान अर्धी भरलेली पेटी सरकत नाही.

आणि तिसरं, सर्वात मोठं: ड्रमर जितकं सामान वाहायचा तितकं बँडमधलं दुसरं कोणी वाहत नव्हतं. मूकपट चालू असताना पडद्यावर घोडा धावला तर टापा, आगगाडी आली तर शिट्टी, वादळ आलं तर पत्रा, कोणी पडलं तर झांज. हे सगळं ड्रमरने करायचं. त्याच्याकडे वुडब्लॉक, गायीच्या गळ्यातली घंटा, चिनी टेंपल ब्लॉक (पोकळ लाकडी गोळे), खुळखुळे, कर्रकर्र वाजणारं दातेरी चाक, भोंगा, पक्ष्याच्या आवाजाची शिट्टी, एकमेकांवर घासायचे पॉलिश पेपर लावलेले ठोकळे असा संसार असे. काही वस्तू बेस ड्रमच्या कड्यावर बसवलेल्या छोट्या तबकात मांडायच्या, उरलेल्या हाताखाली हव्यात. हाताखाली म्हणजे अक्षरशः बुडाखाली.

त्यात बेस ड्रम तेव्हा अवाढव्य. २८ इंची सर्रास. कातड्याचं पान दमट हवेत ढिलं पडे म्हणून आत विजेचा दिवा लावत, आणि दिवा लागलाच आहे तर पुढच्या पानावर धबधबा, चंद्र, होडी असं चित्र रंगवून घेत. असा ड्रम एका हातात धरून ट्रॅममध्ये चढणाऱ्या माणसाला दुसऱ्या हातात एकच वस्तू परवडते. मग ती वस्तू पेटी आणि आसन दोन्ही झाली, यात नवल ते काय!

---

झारा_आणि_रंधा

इथे सुतारकामाच्या बाजूने चार शब्द.

त्या काळच्या ड्रमच्या पेट्या बहुतेक ‘व्हल्कनाइज्ड फायबर’च्या असत. नावावरून रबर वाटतं, पण त्यात रबर नसतं. सुती चिंध्यांचा कागद झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढायचा, त्याचे थर एकमेकांत मुरतात, मग ते रसायन धुऊन काढून दाबून वाळवायचं. शिंगासारखा चिवट, हलका तक्ता तयार होतो. थॉमस टेलर यांचं ब्रिटिश पेटंट १८५९ चं आहे. जुन्या काळ्या-करड्या सूटकेसा, टपालाचे डबे, गिरणीतल्या बॉबिनचे डबे याचेच. कोपऱ्यांना पत्र्याची टोपणं आणि रिबिटं.

हे मटेरियल वाहायला उत्तम, बसायला वाईट. वरचा पृष्ठभाग मध्ये खचतो आणि पाणी लागलं की फुगतो. त्यामुळे ज्या पेटीवर माणूस बसणार तिला आतून लाकडी चौकट किंवा वर प्लायवूड हवंच. लाकडी पेटी घेतली तर वजन वाढतं. या ओढाताणीतूनच पुढे गोल आसन निघालं असं मला वाटतं. ड्रम कंपन्यांकडे वाकवलेल्या प्लायवूडची गोल खोडं तयारच होती. गोल नळकांडं उभ्या वजनाला चौकोनी डब्यापेक्षा फार चिवट असतं, कोपरे नसल्यामुळे भार सगळीकडे सारखा उतरतो. त्याला बूड लावलं, गादीचं झाकण बसवलं की झालं काम. नवीन साचा नाही, नवीन यंत्र नाही. कारखानदाराच्या दृष्टीने ही जवळपास फुकटची वस्तू होती.

त्याचा दोष एकच, पण मोठा. बहुतेकांची उंची ठरलेली. बुटक्याला आणि उंचाला तेच.

---

कुडतरीकर

नमस्कार. मूळचा गोव्याचा, आता माहीमला असतो. घरात दोन पिढ्या वादक.

मूकपटांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईत परदेशी मूकपट दाखवणाऱ्या थिएटरांत पियानो, व्हायोलिन वाजवणारे पुष्कळसे गोंयकार असत. गावच्या चर्चच्या शाळेत ‘मेस्त’कडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेज (स्वरवाचन) शिकलेला पोरगा नोटेशन वाचू शकायचा, आणि ते तेव्हा मुंबईत पोटापाण्याचं कौशल्य होतं. १९३१ मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकला पहिला हिंदी बोलपट लागला. त्यानंतर थिएटरातलं हे काम आटत गेलं आणि ही मंडळी हॉटेलांच्या डान्स बँडकडे, मग चित्रपटांच्या रेकॉर्डिंगकडे वळली. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमध्ये आला, त्या संगीताने इथल्या वादकांना वेड लावलं. चिक चॉकलेट म्हणजे आमचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, फ्रँक फर्नांड, ही सगळी त्यानंतरची नावं.

आता पेटीचं. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोंयकारांचे ‘कूड’ आहेत. एकेका गावाचा एकेक क्लब. तिथे माणसाला खोली मिळत नसे, जागा मिळे, आणि ती जागा म्हणजे भिंतीलगत ठेवलेली त्याची ट्रंक. ट्रंक हेच कपाट, तीच बसायची जागा, तीच पत्ते खेळायचं टेबल. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वादक तिथे शेजारी शेजारी असत. रात्री बाराला कार्यक्रम आटोपून आलेला सॅक्सोफोनवाला ट्रंकेवर बसूनच रीड पुसून ठेवायचा. अमेरिकेतल्या ड्रमरला पेटीवर बसायची कल्पना कुठून सुचली असं विचारता, पण परमुलखात कामाला गेलेल्या माणसाला ती सुचावी लागत नाही. त्याच्याजवळ दुसरं असतंच काय?

---

मृद्गंधा

कुडतरीकर, हे वाचून थांबले थोडा वेळ. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

---

लाल_माती

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्या दशावताराचा पेटारा आठवला. पोशाख, मुकुट, गणपतीचा मुखवटा सगळं त्यात. पूर्वी तो डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव पायी जात. पण त्यावर कोणी बसत नाही! पेटाऱ्याची पूजा होते. वाद्यालाही आपण पाय लागू देत नाही. त्यामुळे बसायची-साठवायची एकच पेटी आपल्या परंपरेत रुजली नाही, त्यामागे पायपेटीकाका म्हणतात ती मांडी घालायची सवय आहेच, पण हा भावही आहे.

---

साइड_रिदम

लाल माती, भाव मान्य. तरी मी बसतो, मनात नमस्कार करून बसतो.

वाद्यवृंदात साइड रिदम, म्हणजे मुख्य तालाच्या जोडीची छोटी तालवाद्यं वाजवतो. माझी पत्र्याची ट्रंक आहे, झाकणाला आतून जाड प्लाय लावून घेतलाय. तळाला स्टँडांचे पाय आणि जड वस्तू. त्यावर जुनी सतरंजी. मग डफल्या एकात एक, त्यांच्या पोकळीत मंजिऱ्या फडक्यात गुंडाळून, नाहीतर प्रवासभर किणकिण चालते. घुंगरांचा पट्टा डाव्या कडेला, कबासा उजव्या कडेला उभा, कारण त्याचे मणी आडवं ठेवून चेपले की सैल पडतात. रेसो-रेसो (घासून वाजवायचं), व्हायब्रास्लॅप (खडखडणारं), अंडी सगळ्यात वर. अंडी म्हणजे शेकर.

ठेका_धरून यांनी मूकपटवाल्या ड्रमरच्या सामानाची जी यादी दिली ती वाचताना माझीच ट्रंक डोळ्यांपुढे आली. आपल्या चित्रपटसंगीतात हे रंग आणणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव मानाने घेतलं जातं, बोंगो-कोंगा इथल्या रेकॉर्डिंगमध्ये रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचे चिरंजीव केर्सी लॉर्ड तर अनेक वाद्यांत निष्णात.

१९८५ मध्ये रोलँड कंपनीचं ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या ट्रंका घरी बसल्या. आठ चौकोनांत सगळं मावतं, आयोजकाला एक माणूस कमी लागतो. बोलपटाने खड्ड्यातल्या ड्रमरचं जे केलं तेच. फरक इतकाच की आम्हाला अजून थोडी कामं मिळतात, कारण खऱ्या मंजिरीचा आवाज लांबवर जसा विरत जातो तसा पॅडवर अजून ऐकला नाही.

---

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

सगळे काहोन विसरलात का? पेटीवर बसून वाजवायचं वाद्य म्हटलं की पहिलं तेच. मला वाटतं उगम तिथेच शोधायला हवा, अमेरिकेच्या जॅझमध्ये नाही.

---

ठेका_धरून

विसरलो नव्हतो, कोणीतरी काढेल याची वाट पाहत होतो. काहोनची कहाणी स्वतंत्र आहे आणि ती नीट सांगायलाच हवी.

काहोन पेरूच्या किनारपट्टीचं वाद्य. स्पॅनिश अमलात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवलेलं. त्यांची स्वतःची ढोलवाद्यं वसाहतकाळात दडपली गेली, हे कारण बहुतेक ठिकाणी दिलेलं दिसतं. मालाची खोकी मात्र बंदरांत आणि मळ्यांवर पडलेली असत. एकोणिसाव्या शतकात ही खोकी वाद्य म्हणून पक्की रुजली. पेरूमध्ये गुलामगिरी १८५४ मध्ये रामोन कास्तिया यांच्या राजवटीत संपली. त्याच लोकांचं ‘काहिता’ नावाचं आणखी एक वाद्य आहे, झाकणाची छोटी पेटी गळ्यात अडकवायची, एका हाताने झाकण उघडमीट करायचं आणि दुसऱ्या हातातल्या काठीने कडेवर ठोकायचं. चर्चमध्ये दान गोळा करायच्या पेटीवरून ती आली असं मानतात. गाढवाच्या जबड्याचं हाडही वाजवत, त्यातले सैल दात खडखडतात. हाती जे लागेल त्यातून लय काढणारी ही माणसं.

क्युबात वेगळी शाखा. हवाना आणि मातान्सासच्या गोदीत खारवलेल्या कॉड माशांची खोकी आणि मेणबत्त्यांच्या छोट्या पेट्या. मोठीतून खर्ज, छोटीतून टीप. रुम्बा या क्युबन नाचगाण्याचा यांबू हा संथ प्रकार अजूनही खोक्यांवर वाजवतात.

१९७७ मध्ये फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया लिमाला गेले. तिथे काइत्रो सोतो यांचं वादन ऐकून ते काहोन स्पेनला घेऊन आले, आणि त्यांचे ब्राझिलियन तालवादक रुबेम दांतास यांनी ते फ्लामेंकोत रुजवलं. आत तारा लावून सर्रर असा आवाज आणायची पद्धत स्पेनमधली. २००१ मध्ये पेरूने काहोनला राष्ट्रीय वारसा जाहीर केलं.

आता तुमच्या मुद्द्याचं उत्तर. काहोन ही बसायची पेटी आहे, पण साठवायची नाही. आत काही ठेवलं की संपलं. पुढचा पातळ प्लाय कंप पावतो, आतली हवा हलते आणि मागच्या भोकातून बाहेर पडते, म्हणून तो खर्ज येतो. आत टॉवेल टाकून बघा, आवाज बसतो. शिवाय दिशा उलटी आहे. काहोनमध्ये सामानाची पेटी रिकामी झाली आणि वाद्य बनली. ड्रमरच्या पेटीत वाद्यं बाहेर आली आणि पेटी आसन बनली. दोन्हींचं मूळ माल वाहायच्या खोक्यात आहे हे खरं, पण एकीतून दुसरी निघाल्याचा कुठलाही धागा मला दिसत नाही.

---

चिंचपोकळी_एक्स्प्रेस

पटलं. पण मग ज्या आफ्रिकन-अमेरिकन वादकांनी ड्रमसेट घडवला आणि ज्यांनी पेरूत काहोन घडवला, त्यांचं मूळ एकच नाही का? तिथे तरी दुवा असेलच.

---

पायपेटी

माणसांच्या इतिहासात दुवा नक्की आहे, तो नाकारणं चूक ठरेल. न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय ड्रमर आणि लिमाचे काहोनवादक दोघांचे पूर्वज जहाजांच्या तळात डांबून आणलेले. पण वस्तूचा प्रवास वेगळा. ड्रमसेटचे सुटे भाग पाहा: स्नेअर आणि बेस ड्रम युरोपच्या लष्करी बँडचे, झांजा तुर्की, टेंपल ब्लॉक आणि सुरुवातीचे टॉम-टॉम चिनी. हे सगळं एका माणसापुढे मांडून त्यातून एकच सलग लय काढायची ही दृष्टी मात्र न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांची. पेटी त्या दृष्टीचं सामानसुमान सांभाळायला आली.

---

वेताळटेकडी

मग ती नाहीशी का झाली? आज कुठल्याही ड्रमरला तिपाईवरच पाहतो.

---

झारा_आणि_रंधा

उंची, वजन आणि गाडी.

तिपाईला मळसूत्र असतं, हवी ती उंची मिळते. स्टँड जाड नळ्यांचे आणि वजनदार झाले, ते गोल डब्यात मावेनात. त्यांना चाकांची लांबोडी पेटी लागली, आणि तिच्यावर बसायचं म्हटलं तर ती बुटकी पडते. वर बँडकडे स्वतःची गाडी आली. ट्रॅममध्ये दोनच हात मोजून चढायची वेळ राहिली नाही, तसं एका वस्तूने दोन कामं करायची गरजही राहिली नाही.

तरी ज्यांच्याकडे गाडी नाही अशा रस्त्यावर वाजवणाऱ्यांत ही कल्पना जिवंत आहे. सूटकेसलाच पेडल लावून बेस ड्रम करतात, आत केबली आणि पैशांचा डबा.

---

मृद्गंधा

त्या मूकपटाच्या काळातल्या ड्रमरचं वादन आज ऐकायला मिळतं का? आसनाबद्दल इतकं वाचल्यावर त्यावरचा माणूस ऐकावासा वाटतोय.

---

ठेका_धरून

मिळतं. बेबी डॉड्सपासून सुरू करा. न्यू ऑर्लिन्सचा माणूस, फेट मारेबलच्या बँडमधून मिसिसिपी नदीच्या बोटींवर वाजवलं, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगही त्याच बँडमध्ये होते. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात जेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं, त्यात डॉड्स आहेत. मायक्रोफोन नव्हता, सगळे एका कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. ड्रमच्या दणक्याने मेणातली सुई उडायची भीती असे, म्हणून त्यांना बरंचसं वुडब्लॉकवरच भागवावं लागलं. त्यामुळे ड्रमसेट ऐकायच्या अपेक्षेने लावलं तर निराश व्हाल.

पूर्ण वादन ऐकायचं तर १९४६ ची ध्वनिमुद्रणं शोधा. त्यांत डॉड्स एकटे आहेत. बोलत बोलत एकेक गोष्ट वाजवून दाखवतात: स्नेअरवरचा दाबलेला रोल, कड्यावरची काठी, घंटा, वुडब्लॉक. हेडफोन लावून ऐका. बेस ड्रमचा पाय किती हलका पडतो ते आधी ऐका आणि मग हातांकडे वळा.